निम्म्या कामाचा सत्कार

सकाळी साडेदहाला पंचाक्षरी स्वामी दफ्तरात शिरले, सवयीनं टेबलामागं गेले, कोटाचा मागचा घोळ एका हातानं उचलला, गुडघे वाकवले आणि बसायला लागले, तेव्हा खाली खुर्ची नव्हती. बसण्याचं काम निम्म्यावर आलेलं होतं. आता पुढं जावं तर जमीन, मागं यावं तर पन्नाशीचे गुडघे. मधल्यामध्ये ते तसेच लोंबकळत राहिले, आणि त्या पळभरात त्यांच्या डोक्यात जेवढं येऊन गेलं तेवढं एरवी साऱ्या आठवड्यात येत नसे. कळलं, सगळ्यांना कळलं, हे त्यातलं पहिलं. शेवटी टेबलाची कड धरून ते उभे राहिले आणि खिडकीतून पाहिलं, तर कोंडीराम शिपाई त्यांची खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन अंगणातून चालला होता. खुर्चीचे चारी पाय आभाळाकडे, जशी काही ती मेली होती आणि तिला पोचवायला निघाले होते.

“कोंडीराम! कुठं नेतोस रे खुर्ची?”

“सायबानं मागितली, स्वामी.”

“कशाला?”

“त्ये मला काय ठावं? उचल म्हनले, उचलली. दुसरी बरी खुर्ची हाय कुटं ह्या दफ्तरात? बाकीच्या सगळ्या तीन पायावर.”

एवढं सांगून कोंडीराम आणि खुर्ची भिंतीआड गेले. स्वामी उभे राहिले. कारकुनानं उभं राहून काय करायचं असतं हे त्यांना सव्वीस वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं. उभं राहिलं की टेबल फार खाली जातं, आपलंच अक्षर परक्यासारखं दिसतं, आणि हात कुठं ठेवावेत ते सुचत नाही. त्यांनी कपाटांकडं पाहिलं. कपाटांत फडक्यात बांधलेले कागदांचे बस्ते होते. लाल बस्ते आणि पांढरे बस्ते. पांढरे चारशे एकवीस, लालही चारशे एकवीस. भिंतीवर साहेबांनी स्वतः आखून घेतलेला प्रगतीचा तक्ता होता, त्यात आठशे बेचाळीस चौकोन होते आणि बरोबर निम्मे निळ्या शाईनं भरलेले होते. आणि हे सगळं साफ खोटं होतं.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा राजा गेला, फौज गेली, पण कागद राहिले, आणि ते सगळे उर्दूत. शेताच्या बांधापासून देवळाच्या घंटेपर्यंत जिल्ह्यात जे जे कोणाचं होतं ते उर्दूत त्याचं होतं, आणि नव्या राज्यातल्या कोर्टाला उर्दू येत नव्हती. मग त्रेपन्न साली हे तर्जुमा दफ्तर निघालं. जुन्या घोड्यांच्या पागेतल्या दोन खोल्या, आठशे बेचाळीस लाल बस्ते आणि चार कारकून. बस्त्यातल्या कागदांचं मराठी करायचं, ते कागदांवरच जोडायचं, आणि बस्ता पांढऱ्या फडक्यात बांधायचा. चारांतला एक कारकून पहिल्याच उन्हाळ्यात गेला. दुसऱ्यानं बदली करून घेतली, कारण त्याच्या अंगावर झोपेत उर्दू नस्तालीक अक्षरातल्या नुकत्यांचं, ठिपक्यांचं, पुरळ उठायचं आणि सकाळी बायको ते मोजून सांगायची. तिसरा भूमकडचा बस्ता उघडून बसला, तर आत वाळवीनं अडीच गावं खाल्लेली. उरलेल्या अर्ध्या गावाचा तर्जुमा करता करता त्याची अशी समजूत झाली की आपण त्याच गावाचे, आणि तो तिकडं निघून गेला तो आलाच नाही. राहिले स्वामी. त्यांच्या नेमणुकीच्या हुकमात एक ओळ होती: काम पुरं होईपर्यंत. दफ्तरही तेवढ्यापुरतं आणि कारकूनही तेवढ्यापुरताच.

आता कोणीही शहाणा माणूस असा हुकूम हातात पडल्यावर लेखणी जरा जडच उचलेल. स्वामींनाही ते कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं. हात धावायचा. रोज संध्याकाळी ते स्वतःला बजावून घरी जायचे की उद्या दोनच कागद, आणि उद्या अकरा व्हायचे. म्हणून पुरे झालेले बस्ते ते बरेचसे लालच फडक्यात परत ठेवायचे आणि तक्त्यापुरते थोडेच पांढऱ्यात बांधायचे. गेल्या दसऱ्याला, सगळं गाव सोनं वाटत फिरत असताना, ते एकटे दफ्तरात बसले होते. आठशे बेचाळिसाव्या बस्त्यातला शेवटचा कागद त्यांनी टिपला, पुढच्यासाठी हात घातला, आणि बस्त्यात काही नव्हतं. त्यांनी बस्ता उलटा करून झटकला. धूळ पडली. तेव्हा त्यांना जे वाटलं त्याला कोणत्या भाषेत काय म्हणतात हे त्यांना अजून ठरवता आलं नव्हतं. आनंद म्हणावा तर ते रिकामा बस्ता पुन्हा झटकत होते. त्यांनी पाठीमागं पाहिलं, कोणी आहे का; कोणी असतं तर त्यांनी सांगितलं असतं. कोणी नव्हतं. मग त्यांनी तोही बस्ता लालच फडक्यात पुन्हा बांधला. तेव्हापासून आठवड्याला दोन. आधीच पुऱ्या झालेल्या बस्त्यांतले दोन, नंबराच्या क्रमानं, लाल सोडून पांढऱ्यात बांधायचे. कोंडीरामनं तक्त्यावर दोन चौकोन भरायचे. उरलेला सगळा वेळ स्वामी कोरड्या लेखणीनं लिहायचे. पाच महिने ते न लिहिण्याचं काम इतक्या निष्ठेनं करत होते की संध्याकाळी बोटं दुखायची.

“अहो स्वामी, उभे काय? अभिनंदन!” साहेबांच्या कचेरीतले हेडक्लार्क तात्या दारातून आत आले. तात्या तुळजापूरचे, बोलताना समोरच्याच्या कोटाचं बटण धरायची त्यांना सवय होती. “आज तीन वाजता तुमचा सत्कार. मंडप पडतोय अंगणात.”

“माझा? कशाबद्दल?”

“ते साहेब बोलतील. मला फक्त आभार मानायचेत. कागदावर शेवटचा नंबर माझा.”

“पण कशाबद्दल ते माहीत नसताना आभार कसे मानणार तात्या?”

“आभारांना कशाला लागतंय? तुमचे मानतो, साहेबांचे मानतो, मंडपवाल्याचे मानतो. तुम्ही कोट तेवढा बरा घालून या. हा चालायचा नाही.” बटण सोडून तात्या गेले.

स्वामी मनात जमवाजमव करू लागले. या कचेऱ्यांत आजवर त्यांनी नऊ माणसांच्या गळ्यात हार पडताना पाहिला होता. त्या नवांतला एकही दुसऱ्या दिवशी दिसला नव्हता. एक पेन्शनीत गेला, सहा बदलीवर, आणि दोघांना हार घातला तेव्हा त्यांना स्वतःला काहीच कळत नव्हतं. हार म्हणजे चला आता. मग कळलंच म्हणायचं? साहेबांनी सुटीच्या दिवशी येऊन एखादा लाल बस्ता सोडला असेल, आत मराठी दिसलं असेल. पण चोर सापडला तर त्याला हार कोण घालतं? की हीच नवी तऱ्हा? साहेब पुण्याकडचे, तरुण, परवाच कुठल्याशा शिबिराहून आलेले. तिकडं माणसाला काढतानाही आधी फुलं देत असतील. की खरंच कौतुक? आणि कौतुक असेल तर कशाचं? केलेल्या कामाचं, तर ते कोणाला माहीत नाही. दिसणाऱ्या कामाचं, तर ते कोणी केलेलंच नाही. हा गुंता ते जितका सोडवत होते तितका तो बोटांभोवती बसत होता.

निजामाच्या काळी हे असलं नव्हतं. तेव्हाचे मुहाफिजसाहेब, म्हणजे कागदखान्याचे प्रमुख, पांढऱ्या दाढीचे, अर्ध्या डोळ्यानं पाहणारे. पंचवीस वर्षांच्या पंचाक्षरीनं एकदा एकशेबारा पानांचा निवाडा एकही खोड न करता नकलून त्यांच्यापुढं ठेवला होता. त्यांनी तो पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचला. दुपार गेली. वाचून झालं. त्यांनी फक्त आपला पानाचा डबा चार बोटं पुढं सरकवला. त्यातलं पान घ्यायची छाती झाली नाही ती नाहीच. पण ती चार बोटं! तेवढ्यावर स्वामी पुढं कितीतरी वर्षं जगले. पुढं कधीतरी त्यांच्या मनात येऊ लागलं की म्हाताऱ्याला कदाचित जागा हवी असेल कोपर टेकायला, म्हणून डबा सरकवला असेल. हा विचार आला की ते तो झटकून टाकत. आणि त्याही आधी अणदूरला, आपल्या गावी, मिडलची परीक्षा पास झाल्याचं सांगायला ते खंडोबाच्या देवळापर्यंत पळत गेले होते, वडील तिथं ओसरीवर बसले होते म्हणून. वडील म्हणाले, “हं.” पुढं आयुष्यभर त्या “हं”चा अर्थ ते लावत होते. कधी तो शाबास असा लागायचा, कधी मग काय झालं असा, आणि एकदा तापात तर त्यांना पक्कं आठवलं की वडील “हं” म्हणालेच नव्हते, फक्त खोकले होते.

जेवायला घरी गेले तेव्हा बायकोनं, शांतम्मानं, काही न विचारता ताट वाढलं. त्या बाईनं आपणहून कधी काही विचारलं नाही म्हणूनच पाच महिने त्यांचं पोट फुटलं नव्हतं.

“आज माझा सत्कार आहे,” ते म्हणाले.

“हौदा?” तिनं घरच्या कानडीत ‘असं का’ म्हटलं. “म्हणजे काय करतात?”

“हार घालतात. चांगलं बोलतात.”

“का?”

“काम चांगलं केलं म्हणून.”

शांतम्मानं आमटीची वाटी खाली ठेवली. “मग सव्वीस वर्षं काय वाईट करत होता?”

“तसं नाही. ते त्यांना आत्ता कळलं.”

“अय्यो! सव्वीस वर्षांनी कळलं? मला तर तुमचं सगळं दोन दिवसांत कळलं होतं.” ती हसली आणि ट्रंकेतून काळा कोट काढायला उठली. “मी इतक्या भाकरी केल्या, कोणी हार घातला नाही. बरंच आहे म्हणा. हार घालून भाकरी करायची म्हणजे चुलीत जायची फुलं.”

सांगून टाकावं असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं. काम संपलंय गं. सगळं केलंय मी, एकट्यानं, एकही कागद उरला नाही. एवढंच सांगायचं, आणि तिनं म्हणायचं, काय म्हणायचं? त्यांना कळेना तिनं काय म्हटलं म्हणजे आपलं समाधान होईल. तोवर कोट आला. त्याला कापराचा असा वास होता की आत शिरल्यावर स्वामींना आपण देव्हाऱ्यातले कोणीतरी आहोत असं वाटलं.

दफ्तराच्या फाटकाशी लिंबाखाली तुळजाबाई बसली होती. बेंबळीची. साठीची बाई, हातात नेहमीची पिशवी, पहिल्या मोटारीनं आलेली. तिच्या घरच्या सामाईक विहिरीवर आठवड्यातले दोन दिवस मोट तिची, असा तिच्या सासऱ्याच्या नावाचा जुना कागद होता. तिचा दीर ते मानत नव्हता. आणि मराठी कागद आणल्याशिवाय कोर्ट ऐकत नव्हतं. तो कागद बस्ता नंबर सहाशे दहामध्ये होता. तो स्वामींना पाठ होता, कारण गेल्याच्या आदल्या श्रावणात त्यांनीच त्याचं मराठी केलं होतं. पण साहेबांचा हुकूम होता की नकला नंबराप्रमाणेच द्यायच्या, वशिला चालणार नाही; आणि तक्त्यावर आजचा नंबर होता चारशे एकवीस.

“स्वामी, निगाला का वो माझा बस्ता?” तिनं उठत विचारलं.

“नाही, बाई. नंबर लागायचाय.”

“किती दीस लागत्याल?”

दसऱ्यापासून दर महिन्याला ती हेच विचारायची आणि ते हेच सांगायचे. “दीड-दोन वर्षं तरी.”

“मिरची लावलीय. चैत लागंल आता. दिरानं चऱ्हाट काढून नेलंय मोटंचं.” ती हे गाऱ्हाणं म्हणून सांगत नव्हती, आज वार कोणता हे सांगावं तसं सांगत होती. मग तिनं मंडपाकडं पाहिलं. “आज काय लगीन हाय व्हय हितं?”

“सत्कार आहे.”

“कुनाचा?”

“माझा.”

तिचा चेहरा खरोखरच उजळला. “बरं झालं की मग! काम केल्याबिगर का कोन हार घालतंय? बसते मी बी. टाळ्या वाजवायला मानूस लागतंयच की.”

मंडपात तीस-चाळीस माणसं होती. निम्मी नकलांसाठी खेड्यांतून आलेली, आणि कोंडीरामनं त्यांना गर्दी दिसावी म्हणून आणून बसवलेलं होतं. व्यासपीठावर स्वामींची खुर्ची मांडलेली. ते तिच्यावर बसले, पण ती ओळख दाखवेना. शेजारच्या बाकावर प्रगतीचा तक्ता भिंतीवरून उतरवून आणून ठेवला होता, आणि उन्हात त्याची निळी शाई फारच निळी दिसत होती. साहेब उठले. हार घातला, शाल घातली. नारळ हातात आला. स्वामी वाट पाहत होते. आता म्हणतील. आता लाल बस्ता पुढं आणतील.

“आपल्याकडे एक चुकीची पद्धत आहे,” साहेब म्हणाले. “माणूस निघाला की आपण त्याला हार घालतो. घर पुरं झाल्यावर गवंड्याला शाबासकी देतो, आणि ज्या दिवशी तो उन्हात निम्म्या भिंतीवर उभा असतो, ज्या दिवशी त्याला खरी गरज असते, त्या दिवशी खालून एक शब्द नाही. मी शिबिरात शिकून आलो की कौतुक वाटेत करायला हवं. आज चारशे एकविसावा चौकोन भरला. आज स्वामी बरोबर निम्म्यावर आहेत. म्हणून आजचा दिवस! आणि आनंदाची गोष्ट ही की अजून निम्मं बाकी आहे; म्हणजे अजून चार वर्षं तरी स्वामी कुठं जात नाहीत.”

टाळ्या झाल्या. कळलेलं नव्हतं. कोणालाच काही कळलेलं नव्हतं! चार वर्षं. त्यांना वाटलं आपण आता हसणार, आणि ते हसलेही. पण हसू ओठांवर असतानाच साहेबांचा एक शब्द अडकला. निम्मं? सहाशे सत्तराव्या बस्त्यात एक शिकस्त, म्हणजे घाईनं मोडून लिहिलेल्या, अक्षराचा कागद होता, त्यातल्या एका शब्दावर ते अकरा दिवस बसले होते. बाराव्या दिवशी अंघोळ करताना तो सुटला, आणि ते ओल्या अंगानं दफ्तराकडं निघाले होते. शांतम्मानं हाताला धरून मागं आणलं. तो शब्द निम्म्यात नव्हता. सातशे बाराव्यात वाळवीनं ठेवलेल्या नुसत्या कडांवरून त्यांनी एक अख्खी वहिवाट उभी केली होती. तीही निम्म्यात नव्हती. साहेब बोलत होते, किती छान बोलत होते, पण ते सगळं शेजारी बसलेल्या कुठल्यातरी अर्ध्या माणसाला चाललं होतं. शाल त्याच्या खांद्यावर, नारळ त्याच्या हातात. आणि समोर, शेवटच्या रांगेत, तुळजाबाई डोक्यावर पदर सावरून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

“स्वामी, दोन शब्द,” तात्यांनी बटण धरून त्यांना उठवलं.

आभारी आहे, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. तोंड उघडलं.

“काम संपलंय.”

लोक हसले. साहेबही हसले. “निम्मं, स्वामी. निम्मं.”

“नाही साहेब. सगळं.”

“सगळं म्हणजे?”

“आठशे बेचाळीस. लाल दिसतात ते नुसतं फडकं लाल आहे. आत तर्जुमा आहे.”

“कधी झालं?”

“दसऱ्याला.”

हे आपण का बोललो, ते स्वामींना कळलं नाही. पुढंही कळलं नाही. कधी त्यांना वाटायचं त्या बाईच्या टाळ्यांनी वदवलं. कधी वाटायचं, छे, पुऱ्या कामाचं पुरं कौतुक हवं होतं, नुसती हाव. त्या क्षणी तर त्यांना एवढंच दिसत होतं की साहेबांचा हात आपल्या दिशेनं निघालाय आणि मध्येच थांबलाय. तो पाठ थोपटायला निघाला होता की हार काढून घ्यायला, हे त्या हातालाही ठरवता येत नव्हतं. साहेबांनी तक्त्याकडं पाहिलं, स्वामींकडं पाहिलं, हातातल्या कार्यक्रमपत्रिकेकडं पाहिलं. तिच्यात या गोष्टीला नंबर नव्हता. “तात्या,” ते म्हणाले, “आभार माना.”

तात्या उठले, पण त्याआधी मागून आवाज आला. “संपलंय म्हनता, तर मग माझा कागद द्या की.”

स्वामी खाली उतरले. हार घातलेला, शाल लोंबत असलेली, तसेच दफ्तरात गेले आणि सहाशे दहा काढला. लाल फडक्याची गाठ सोडली. तुळजाबाई दारात उभी होती. त्यांनी कागद वाचून दाखवला: विहीर सामाईक, मौजे बेंबळी, सोमवार आणि गुरुवार, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, मोट अमक्याची. तिनं सासऱ्याचं नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं. मान हलवली.

“लिवलंय चांगलं,” ती म्हणाली. “हे कवा लिवलं?”

“गेल्याच्या आदल्या श्रावणात.”

“ह्याच कपाटात हुतं?”

“हो.”

“म्या तितं लिंबाखाली बसायची तवा?”

“हो.”

तिनं त्यांच्या गळ्यातल्या हाराकडं पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. राग त्यांना वाचता आला असता. तेवढ्यात साहेब आत आले. त्यांनी हात पुढं केला, स्वामींनी कागद दिला. साहेबांनी तो उभ्यानंच वाचला, दोन्ही पानं, सावकाश. मग सही केली, शिक्का मारला, तुळजाबाईला दिला. “उद्या सकाळी माझ्याकडे या,” ते स्वामींना म्हणाले. स्वर साधा होता. त्यात काय होतं ते स्वामी पुढं रात्रंदिवस चाचपत बसणार होते.

तुळजाबाईनं कागद पिशवीत घातला आणि गेली. ती गेली त्या जागी दुसरा एक माणूस उभा होता, त्याच्यामागं आणखी एक, त्याच्यामागं सगळा मंडप. “आमचा बी हाय का वो?” कोणीतरी विचारलं. स्वामींनी पुढचा लाल बस्ता ओढला. बाहेर तात्यांनी मंडपवाल्याचे आभार मानून संपवले असावेत, कारण उरलेल्या दोन-चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. कशाच्या, ते स्वामींना समजलं नाही. त्यांनी वरचा कागद उचलला आणि त्यावरचं नाव मोठ्यानं पुकारलं.